जाहिरातीत विचारलंय ते आधी सांगा : नोकरी आणि रेझ्युमे, वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की नोकरी शोधणाऱ्यांनी आपापले प्रश्न पाठवा, आणि खरंच खूप आले, ईमेलवर आले, व्हॉट्सॲपवर आले, दोन-तीन तर चक्क पोस्टाने आले. बहुतेक सगळे रेझ्युमेबद्दलच आहेत. पिथमपूरच्या कारखान्यांमधे भरतीचं काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि तिथे टेबलावर येणारे कागद वाचून माझं एक पक्कं मत झालंय, की आपल्या इंदूरच्या मुलामुलींना काम येत नाही असं अजिबात नाही, येतं, चांगलं येतं, फक्त ते दुसऱ्या पानावर हॉबीजच्या खाली लपलेलं असतं आणि तिथपर्यंत कोणी पोचतच नाही. म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला दिलीय. नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी एमएस्सी केमिस्ट्री केलंय, पिथमपूरला एका फार्मा कंपनीत क्यूसीमधे, म्हणजे क्वालिटी कंट्रोलमधे, अडीच वर्षं झाली. आता बदलायचंय. नोकरीच्या साइटवर रोज रात्री बसून अप्लाय करतो, दिसेल तिथे करतो, पण कॉलच येत नाही. माझ्याच लॅबमधला एक जण, ज्याला मीच काम शिकवलं, त्याला दोन कंपन्यांनी बोलावलं. माझा रेझ्युमे आणि मला मनापासून हवी असलेल्या नोकरीची जाहिरात, दोन्ही पाठवतोय. काय चुकतंय ते स्पष्ट सांगा. — एक वाचक, राऊ

उत्तर : अरे, स्पष्टच सांगते. तुझा रेझ्युमे आणि ती जाहिरात मी शेजारी शेजारी ठेवून वाचली, तूही आज तेच कर, निम्मं उत्तर तिथेच मिळेल तुला.

जाहिरातीत काय मागितलंय बघ. एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आणि डिसोल्यूशनवर (गोळी किती वेळात विरघळते ती तपासणी) स्वतः काम केलेलं हवं, स्टेबिलिटी सॅम्पलचा, म्हणजे औषध किती काळ टिकतं ते बघायला ठेवलेल्या नमुन्यांचा, अनुभव हवा, एचपीएलसी चालवायचं एम्पॉवर सॉफ्टवेअर यायला हवं, ओओएस म्हणजे आउट ऑफ स्पेसिफिकेशन रिझल्ट आला तर इन्व्हेस्टिगेशन कसं चालतं ते माहीत हवं, बाहेरच्या रेग्युलेटरी ऑडिटला सामोरं गेला असशील तर आणखी चांगलं, अनुभव दोन ते चार वर्षं. आणि तुझा कागद सुरू कुठून होतो, तर "चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंटमधे स्वतःचा आणि संस्थेचा विकास करणे" या चार ओळींच्या ऑब्जेक्टिव्हपासून. मग दहावी-बारावीच्या टक्क्यांचा टेबल. मग एकच ओळ, क्यूसी केमिस्ट म्हणून कार्यरत. मग वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, मग हार्ड वर्किंग, पॉझिटिव्ह ॲटिट्यूड. आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी, डिक्लरेशनच्या जरासं वर, "इन्स्ट्रुमेंट्स हँडल्ड : एचपीएलसी, जीसी, यूव्ही, डिसोल्यूशन". म्हणजे ज्या एका ओळीसाठी त्यांनी तुला बोलावलं असतं ती ओळ तू सगळ्यात शेवटी ठेवलीस. भरती करणारा माणूस एका जागेसाठी गठ्ठाभर रेझ्युमे बघत असतो, पहिल्या अर्ध्या पानात कामाचं काही दिसलं नाही की तो पुढचा उघडतो, यात त्याचा दुष्टपणा नसतो, त्याच्याकडे वेळच तेवढा असतो.

आता करायचं काय ते सांगते. जाहिरातीची प्रिंट काढ, पेन घे, आणि त्यांनी मागितलेल्या प्रत्येक गोष्टीखाली रेघ मार. मग समोर लिही, हे मी कुठे केलं, किती केलं, कशावर केलं. जिथे लिहायला काहीच सुचत नाही ती गोष्ट तुझ्याकडे नाही, ती तशीच सोड, ओढूनताणून आणू नकोस. जिथे भरपूर सुचतं ते सगळं पहिल्या पानाच्या वरच्या भागात यायला हवं, आणि शक्यतो त्यांच्याच शब्दात. त्यांनी डिसोल्यूशन टेस्टिंग लिहिलंय ना, मग तू तिथे "ड्रग रिलीज स्टडीज" लिहून हुशारी दाखवू नकोस, तेच लिही जे ते शोधतायत.

एक ओळ आपण सोबतच दुरुस्त करू. तू लिहिलंयस, "रिस्पॉन्सिबल फॉर एचपीएलसी ॲनालिसिस". यातून मला काय कळलं? काहीच नाही, हे तर क्यूसीमधला प्रत्येक माणूस लिहितो. तू मेसेजमधे मला जे सांगितलंस ते यापेक्षा कितीतरी चांगलं आहे, की रोज टॅब्लेटचं ॲसे (मूळ औषध किती आहे) आणि रिलेटेड सब्स्टन्सेस (अशुद्धी किती आहे) तूच लावतोस, तीन एचपीएलसी सिस्टिम तुझ्याकडे आहेत, त्यांचं मासिक कॅलिब्रेशन तू करतोस, स्टेबिलिटीचे सॅम्पल ठरलेल्या तारखेला काढून टेस्ट करणं गेलं वर्षभर तुझ्याकडे आहे. मग तसंच लिही ना : फिनिश्ड टॅब्लेट बॅचेसचं ॲसे, रिलेटेड सब्स्टन्सेस आणि डिसोल्यूशन, तीन एचपीएलसीवर, एम्पॉवरमधे, स्टेबिलिटी सॅम्पलचं वेळापत्रक आणि टेस्टिंग एक वर्षापासून स्वतंत्रपणे. हे वाचल्यावर समोरच्या माणसाला तू लॅबमधे उभा दिसतोस. आणि हो, तुमच्याकडे एम्पॉवर नसून क्रोमेलियन असेल तर क्रोमेलियनच लिही. एक सॉफ्टवेअर नीट येणाऱ्याला दुसरं शिकवता येतं हे त्या लोकांना कळतं, पण खोटं नाव लिहून इंटरव्ह्यूत प्रोसेसिंग मेथड कशी बनवतोस असं विचारल्यावर गप्प बसलेला माणूस तिथेच बाद होतो.

तीच गोष्ट ओओएसची. तू स्वतः इन्व्हेस्टिगेशन चालवलेलं नाहीस, सीनियरला मदत केलीस. मग "असिस्टेड" लिही, त्यात काही कमीपणा नाही. प्रत्येक ओळीवर स्वतःलाच पुढचा प्रश्न विचारून बघ. एचपीएलसी लिहिलंस तर विचारतील, सिस्टिम सुटेबिलिटीत काय बघतोस, आरएसडी किती चालतो, टेलिंग वाढलं तर आधी काय तपासतोस. ज्या ओळीवर पाच मिनिटं बोलता येत नाही ती ओळ काढून टाक.

आणखी एक, जे मुलं उत्साहात विसरतात. आत्ताच्या कंपनीच्या प्रॉडक्टचे अंतर्गत कोड, कोणत्या क्लायंटचं काम चालतं, ऑडिटमधे काय ऑब्झर्व्हेशन निघालं, हे रेझ्युमेत येता कामा नये. "यूएसएफडीए (अमेरिकेची औषध नियामक संस्था) ऑडिटच्या वेळी लॅब टीममधे होतो" एवढं पुरे. जो आजच्या कंपनीचं बाहेर सांगतो तो उद्या आमचंही सांगेल, असाच विचार करतात सगळे.

आणि ते रोज रात्री दिसेल तिथे अप्लाय करणं बंद कर. आठवड्यातून मोजक्या जाहिराती निवड ज्यात मागितलेल्या बहुतांश गोष्टी तुझ्याकडे खरंच आहेत, आणि त्या प्रत्येकीसाठी वरचं अर्धं पान नव्याने जमव. खाली शिक्षण, कंपनीचं नाव, तारखा, ते तेच राहतं, त्याला हात लावायची गरज नाही. तुझ्या त्या मित्राचा रेझ्युमे मी बघितलेला नाही, पण मला वाटतं त्याने एवढंच केलं असेल.

प्रश्न : सौ. ताईंस नमस्कार. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. नातू इंजिनियर आहे, तो प्रत्येक कंपनीला वेगळा रेझ्युमे पाठवतो. कधी त्यात एक गोष्ट वर असते, कधी दुसरी, एकदा तर एक पूर्ण प्रोजेक्टच गाळलेला होता. आमच्या वेळी एकच बायोडेटा टाइप करून घेत असू आणि तो सगळीकडे चालत असे. माणूस एकच असताना कागद वेगवेगळे, ही लबाडी नाही का? — एक आजोबा, लोकमान्य नगर

उत्तर : काका, तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण खोटं नको ही जी तुमची तळमळ आहे ती या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि नातवाला ती तुमच्याकडूनच मिळायला हवी. पण तो जे करतोय ती लबाडी नाही. डॉक्टरकडे पोट दुखतं म्हणून गेलो तर आपण पोटाचंच सांगतो, दहा वर्षांपूर्वी मोडलेल्या हाताची गोष्ट काढत बसत नाही, त्यात लपवाछपवी कुठे आली?

आणि ही काही आजकालची टूम नाही. साधारण १४८२ साली लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाला काम मागणारं एक पत्र लिहिलं, त्याचा मसुदा आजही जपलेला आहे. लिओनार्दो तेव्हा तिशीचा होता, चित्रकार म्हणून शिकून तयार झालेला. पण स्फोर्झाला लढाया लढायच्या होत्या हे त्याला ठाऊक होतं. म्हणून पत्रात एकामागून एक मुद्दे काय, तर हलके, उचलून नेता येणारे पूल, खंदकातलं पाणी काढण्याची युक्ती, तोफा, भुयारं, झाकलेले रथ. शांततेच्या काळात इमारती बांधीन, पाणी एका जागेहून दुसरीकडे नेईन, हे त्यानंतर. आणि शिल्प आणि चित्रकला अगदी शेवटी, जेमतेम उल्लेख. चित्रकला लपवली नाही त्याने, फक्त समोरच्याला ज्याची गरज होती ते आधी सांगितलं.

एवढी रेघ मात्र नातवाला जरूर आखून द्या, की क्रम बदलला तर चालेल, गाळलं तर चालेल, शब्द जाहिरातीतले वापरले तर चालेल, पण तारीख, पद, डिग्री, आणि काम कोणी केलं, या चार गोष्टी प्रत्येक कागदावर जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत. दोन रेझ्युमे शेजारी ठेवले आणि त्यात कुठेच एकमेकांच्या विरुद्ध काही सापडलं नाही, तर पोराला आशीर्वाद द्या.

प्रश्न : ताई, मी आयटीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे आहे, सुपर कॉरिडॉरच्या कंपन्यांमधे प्रयत्न करतेय. मैत्रिणीने खूप छान टेम्प्लेट दिलं, डाव्या बाजूला रंगीत पट्टी, फोटो, स्किल्सला पाच-पाच स्टार, फोनचे आयकॉन. पण ऑफिसमधला एक दादा म्हणतो की हे एटीएसमधे रिजेक्ट होतं. खरंय का? आणि एटीएस पास व्हायला पांढऱ्या अक्षरात कीवर्ड लपवून टाकायचे असतात म्हणे? — एक वाचक, सुदामा नगर

उत्तर : दादा अर्धं बरोबर सांगतोय. एटीएस म्हणजे अर्जांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. मशीन बसल्या बसल्या सगळ्यांना फेकून देतं अशी जी भीती पसरलीय ती काही खरी नाही. अर्ज भरताना "दोन वर्षांचा अनुभव आहे का", "नाइट शिफ्ट चालेल का" असे प्रश्न येतात ना, तिथे नाही म्हटलं तर आपोआप बाहेर पडू शकतेस, ते वेगळं. बाकी ते मुख्यतः तुझ्या फाइलमधला मजकूर काढून रकान्यांमधे भरतं, आणि मग भरती करणारी व्यक्ती त्यात टेस्टिंगच्या टूल्सची आणि कामांची नावं टाकून सर्च करते : सेलेनियम, एपीआय टेस्टिंग, जिरा. मजकूर नीट निघालाच नाही तर तू सर्चमधे येतच नाहीस, आणि रिजेक्ट झाल्याचंही कोणी कळवत नाही.

तुझं टेम्प्लेट तपासायची सोपी पद्धत आहे. पीडीएफ उघड, सगळं सिलेक्ट कर, कॉपी कर आणि नोटपॅडमधे पेस्ट कर. मी तुझ्या फाइलवर हे करून बघितलं. फोन नंबर गायब झाला कारण तो वरच्या चित्राचाच भाग आहे, डाव्या पट्टीतली स्किल्स उजवीकडच्या अनुभवाच्या वाक्यांमधे घुसली, आणि ते स्टार तर फक्त चौकोन बनून आले. जे तुला नोटपॅडमधे दिसतंय, साधारण तेच त्या सॉफ्टवेअरला दिसतं. म्हणून एक कॉलम, साधा फॉन्ट, टेबल आणि टेक्स्ट बॉक्स नको, नाव-नंबर हेडरमधे न टाकता पानाच्या मजकुरातच लिही. स्टार तर तसेही काढ, जावामधे चार स्टार म्हणजे नक्की किती येतं हे तुलाही सांगता येणार नाही आणि त्यांनाही कळणार नाही. त्याऐवजी कशासाठी वापरलं ते लिही, पेमेंट मॉड्यूलचे रिग्रेशन टेस्ट सेलेनियममधे ऑटोमेट केले, आधी हाताने दोन दिवस लागायचे ते आता अर्ध्या दिवसात होतात. हे तूच मला सांगितलंस आणि रेझ्युमेत मात्र नाहीये!

शॉर्टफॉर्म आणि पूर्ण नाव दोन्ही एकदा तरी येऊ देत, एपीआय लिहिलंस तर कुठेतरी पूर्णही लिही, कारण कोण काय टाइप करून शोधेल सांगता येत नाही. आणि जिथे हिंदी-मराठी नाव किंवा ओळ टाकायची असेल तिथे कृतिदेव हा जुना फॉन्ट वापरू नका, आपल्याकडे अजून खूप ठिकाणी तेच चालतं, पण तो युनिकोड नाही, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर किंवा सॉफ्टवेअरमधे त्याची नुसती अगम्य अक्षरं होतात.

पांढऱ्या अक्षरात कीवर्ड, हे अजिबात करायचं नाही. मजकूर काढला की तो काळ्या अक्षरात समोर येतो, आणि जिने लपवालपवी केली तिच्यावर पुढे कोणी विश्वास ठेवत नाही. टेस्टिंगच्या माणसावर तर नाहीच.

प्रश्न : ताई, २०१५ मधे मुलगी झाली तेव्हा मी अकाउंट्सची नोकरी सोडली. त्याआधी सहा वर्षं एका ट्रेडिंग फर्ममधे होते, टॅलीवर सगळं करायचे. आता सियागंजच्या एका होलसेल फर्मची जाहिरात बघितली, टॅली, जीएसटी रिटर्न, ई-वे बिल येणारा अकाउंटंट हवा. मधली इतकी वर्षं रिकामी दिसतात, ती कशी भरू? नवरा म्हणतो हाउसवाइफ लिही, मैत्रीण म्हणते काहीच लिहू नको. — एक वाचक, राजेंद्र नगर

उत्तर : अगं, तुझी खरी अडचण ती वर्षं नाहीयेत, अडचण ही आहे की तू सोडलंस तेव्हा जीएसटी नव्हता. तो आला १ जुलै २०१७ ला. तुझा अनुभव व्हॅटच्या जमान्यातला, आणि सियागंजचा शेठ आधी हेच बघणार. म्हणून आधी ती दरी बुजव आणि मग रेझ्युमेला हात लाव. जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), जीएसटीआर-३बी (कर भरायचं रिटर्न), पोर्टलवर येणाऱ्या २बी या खरेदीच्या यादीशी आपल्या खरेदीची पडताळणी, ई-वे बिल, आणि ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर ई-इन्व्हॉइस, जे १ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहे. टॅलीही आता प्राइम झालंय, चेहरा बदललाय, हिशोबाचं तत्त्व तेच आहे, तुला चार-सहा दिवसांत हात बसेल. ओळखीच्या एखाद्या सीएच्या ऑफिसात दोन-तीन महिने बसता आलं, अगदी थोड्या पैशात का होईना, तर फार फरक पडेल, कारण मग रेझ्युमेच्या पहिल्याच ओळीत चालू वर्षाचं काम येईल.

आता तुझ्या पत्राच्या शेवटी तू सहज एक वाक्य लिहिलंयस, की कॉलनीच्या गणेशोत्सवाचे हिशोब गेली चार वर्षं तूच ठेवतेस आणि ऑडिटलाही तूच देतेस. आणि जावेच्या बुटिकची बिलं. अगं बाई, हे का लपवतेस? हे काम आहे. रेझ्युमेत लिही, खजिनदार, अमुक गणेशोत्सव मंडळ, अमुक सालापासून : वर्गणीच्या पावत्या, खर्चाची व्हाउचर, बँकेचा मेळ, वार्षिक ताळेबंद. पैसे मिळत नव्हते म्हणून ते काम नव्हतं असं होत नाही, फक्त मानद होतं हे स्पष्ट लिही. जावेच्या दुकानाचंही तसंच, जेवढं केलंस तेवढंच.

मधल्या काळासाठी एक सरळ ओळ पुरे, "२०१५ पासून कौटुंबिक जबाबदारीमुळे पूर्णवेळ नोकरीतून विराम, आता पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध". हाउसवाइफ हे पद म्हणून लिहायची गरज नाही आणि काहीच न लिहिणं त्याहून वाईट, कारण रिकामी जागा वाचणारा आपल्या मनाने भरतो. मुलीचं वय, नवऱ्याची नोकरी, सासूबाई घरी असतात, यातलं काहीच कागदावर नको. विचारलं तर वेळेत येईन एवढं ठामपणे सांग.

आणि मांडणी अशी कर की वरती टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, ई-वे बिल, बँक रिकन्सिलिएशन, जे येतं ते, मग सध्याचं काम, मग ती सहा वर्षं. त्या सहा वर्षांत रोज किती बिलं चढवायचीस, उधारीची वसुली बघायचीस का, स्टॉक कोण मोजायचं, हे आठवून लिही. होलसेलच्या धंद्यात उधारी कोण सांभाळणार हा मालकाचा सगळ्यात मोठा प्रश्न असतो, जाहिरातीत तो लिहीत नाही.

प्रश्न : दीदी, तीन वर्षं भंवरकुआंला राहून एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी केली. एकदा प्री निघाली, मेन्स नाही झालं. घरची परिस्थिती बघता आता प्रायव्हेट नोकरी करायचीय, बँकिंग किंवा बॅक ऑफिस. रूममेट म्हणतो की एका ओळखीच्या दुकानाचं एक्सपीरियन्स लेटर बनवून घे, गॅप दिसणार नाही. करू का? — एक वाचक, भंवरकुआं

उत्तर : नको रे. पहिलं कारण तुला स्वतःलाच माहितीये, दुसरं व्यवहाराचं सांगते. मोठ्या कंपन्या आणि बँका जॉइनिंगच्या आधी किंवा नंतर चौकशी करवतात. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याच्या कायमच्या नंबरवर सगळी सर्व्हिस हिस्ट्री दिसते, पगार कोणत्या खात्यात आला ते विचारतात, दुकानात फोन जातो आणि तिथला माणूस काहीतरी वेगळंच बोलून बसतो. यात सापडलास तर नोकरी जाते आणि वर कारणही लिहून मिळतं. तीन वर्षांची प्रामाणिक मेहनत एका खोट्या कागदाखाली झाकायची, हे मला बघवणार नाही.

इंदूरमधे तर हे लपवायची गरजच नाही, आयोगाचं ऑफिसच आपल्या गावात, भरती करणाऱ्यांच्या घरातही कोणीतरी तयारी करतंच असतं. सरळ लिही : मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची पूर्णवेळ तयारी, या सालापासून या सालापर्यंत, अमुक साली प्रीलिम्स उत्तीर्ण. त्याच्या खाली बॅक ऑफिसला जे लागतं ते, हिंदी आणि इंग्रजी टायपिंगचा स्पीड, एक्सेल किती येतं, सीपीसीटी, म्हणजे मध्य प्रदेशची कॉम्प्युटर आणि टायपिंगची परीक्षा, दिली असशील तर तिचा स्कोर. खर्च भागवायला ट्यूशन घेतल्या असशील, आणि तुझ्या पत्रावरून वाटतंय घेतल्यास, तर किती मुलं, कोणती इयत्ता, तेही लिही. लोकांशी रोज बोलणारा माणूस बँकेला हवाच असतो.

त्यांच्या मनात एकच शंका असेल, हा परत परीक्षेला पळेल का. रेझ्युमेत त्यावर वाद घालू नकोस, पण स्वतःशी नक्की ठरवून जा, इंटरव्ह्यूत ते पहिल्या पाच मिनिटांत विचारतील.

प्रश्न : मॅडम, वय ५२, आयटीआय इलेक्ट्रिशियन, पिथमपूरला मेंटेनन्समधे सव्वीस वर्षं. प्लांट बंद झाला. रेझ्युमे पाच पानी आहे, सर्टिफिकेट जोडून चौदा. मुलगी म्हणते एवढा कोणी वाचत नाही. — एक वाचक, महू

उत्तर : दादा, मुलगी बरोबर म्हणतेय. दोन पानं. शेवटची दहा-बारा वर्षं सविस्तर, त्याआधीची प्रत्येक नोकरी एका ओळीत. सर्टिफिकेटची फक्त नावं, कागद इंटरव्ह्यूला फाइलमधे न्या. जन्मतारीख काढा, ती जॉइनिंगच्या फॉर्मवर लागेलच. वायरमन किंवा सुपरवायझर लायसन्स असेल तर ते अगदी वर.

आणि मशीनची नावं लिहा! तुमच्या पाच पानांत "सर्व प्रकारचे मेंटेनन्स" सात वेळा आलंय पण इंजेक्शन मोल्डिंग, कॉम्प्रेसर, डीजी सेट, चिलर, पॅनल हे एकदाच. ज्या प्लांटमधे अर्ज करताय तिथे काय मशीन आहेत ते आधी माहीत करून घ्या, पिथमपूरमधे तुम्हाला एक फोन केला की कळेल, आणि तीच मशीन तुम्ही चालवलेली असतील तर ती पहिल्या ओळीत. पीएलसीमधे (मशीन चालवणारा कंट्रोलर) फॉल्ट शोधता येतो की प्रोग्रॅमही बदलता येतो, जे असेल ते नेमकं लिहा. ब्रेकडाउन कमी केल्याचं तुम्ही लिहिलंय, ते किती होतं आणि किती झालं, हे रजिस्टरवरून आठवत असेल तर आकडा द्या, नसेल तर काय बदल केला ते सांगा. तुमच्या हाताखाली शिकलेली पोरं आज कुठे कुठे सुपरवायझर आहेत असं तुम्ही लिहिलंय, ते तर ठेवाच, आणि त्यांना फोनही करा.

थोडक्यात काही

फोटो लावावा का, असं खूप जणांनी विचारलंय. मागितला असेल तरच. वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, आधार किंवा पॅन नंबर, यातलं काही नको, आधार-पॅन तर अजिबातच नको, कागद कुठे कुठे फिरतो कळत नाही. सरकारी नोकरीला मात्र हा सगळा सल्ला लागू नाही, तिथे त्यांचा फॉर्म जसा आहे तसा भरायचा.

भाषांमधे मराठी लिहायची का? लिहा ना! पुण्याच्या कितीतरी कंपन्या इंदूरमधून माणसं घेतात, ग्राहकांशी मराठीत बोलणारा माणूस त्यांना हवा असतो. आणि पुण्याला जायची तयारी असेल तर पत्त्याच्या ओळीतच लिहा, इंदूर, पुण्यात यायला तयार.

एआयकडून रेझ्युमे लिहून घेतला तर चालेल का, असं स्कीम नंबर ७८ च्या एका मुलीने विचारलंय. मदत घे, पण लिहायला देऊ नकोस. जाहिरात आणि तुझ्या कामाची कच्ची यादी दे आणि विचार, यात मागितलेलं काय माझ्या यादीत नाहीये. ते छान शोधून देतं. पण पूर्ण लिहायला सांगितलं की तू न केलेलं कामही तुझ्या नावावर चढतं, आणि मग सगळ्यांचे रेझ्युमे एकाच आवाजात बोलायला लागतात, आम्हाला ते लगेच ओळखू येतं. नाव, फोन, कंपनीची माहिती त्यात टाकायची नाही.

फाइलचं नाव "न्यू फायनल २" असं नको, तुमचं नाव आणि पद, बस. ईमेलचा मजकूर रिकामा ठेवून नुसती फाइल जोडू नका, चार ओळी लिहा, कोणत्या जागेसाठी, त्यांनी मागितलेल्यातलं तुमच्याकडचं सगळ्यात भक्कम काय, कधीपासून येऊ शकता. जाहिरातीत नोटीस पीरियड आणि सध्याचा पगार विचारला असेल तर तोही खरा लिहा, कारण सॅलरी स्लिप नंतर मागतातच. आणि पाठवायच्या आधी फोन नंबर एकदा स्वतः लावून बघा, या वेळी आलेल्या रेझ्युमेंपैकी एकात नऊच आकडे आहेत, त्या वाचकाला मी ईमेल केलाय.